शतांश सेकंदाचे तळगावकर

दोन मिनिटं शांतता म्हणजे खरोखर एकशेवीस सेकंद, असं मानणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच आहे आणि तो नेमका आमच्या सोसायटीत राहतो.

आमचे चेअरमन मेहताभाई. त्यांचे वडील गेले तेव्हा खाली पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली होती. चारदोन भाषणं झाली, मग सगळे उठून माना खाली घालून उभे राहिलो. अशा वेळी दोन मिनिटं कुणी मोजत नाही. मुख्य माणूस मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतो, एक डोळा किलकिला करून बघतो आणि 'ओम शांती' म्हणतो, की सगळे चहाकडे वळतात. तसंच झालं. लोक खुर्च्या ओढायला लागले आणि मागून खणखणीत आवाज आला, "एकाहत्तर सेकंद बाकी आहेत."

सातव्या मजल्यावरचे तळगावकर. हातात स्टॉपवॉच, मान अजून खालीच.

मेहताभाईंच्या वडिलांचा प्रश्न, नाही कोण म्हणणार? सगळे पुन्हा उभे राहिले. एकाहत्तर सेकंद किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, एक बाई रडायला लागली, एकाला हसू आवरेना. शेवटी तळगावकर "झालं" म्हणाले आणि चहा न घेता लिफ्टकडे गेले. मीही त्याच लिफ्टमध्ये होते. "मेलेल्या माणसालाही कमी मापून देतात," ते मला म्हणाले.

तेव्हा मी नुकतीच सेक्रेटरी झाले होते. आमच्याकडे सेक्रेटरी निवडून येत नाही, सापडतो. सभेला जो उशिरा येतो त्याला करतात. मी एका विमा कंपनीत आहे. लोकांचे क्लेम कुठल्या कलमाखाली नाकारता येतील ते शोधून काढणं हे माझं काम. त्यामुळे सोसायटी मला चांगली जमेल असं सगळ्यांना वाटलं. आधीच्या सेक्रेटरीनं चाव्या, शिक्का आणि एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली. फाइलवर एकच शब्द होता: 'तळगावकर'.

"ही वाचू नका," तो म्हणाला, "फक्त वाढवत जा."

मी वाचली. पहिलंच पत्र पंपाबद्दल होतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचा पंप संध्याकाळी आठच्या सुमारास वीस मिनिटं बंद ठेवावा, आणि ही वेळ रोज तीन मिनिटं छप्पन्न सेकंदांनी अलीकडे आणावी. कारण काय, तर तारे रोज तेवढेच लवकर येतात. आमच्या वॉचमनला पंप चालू केल्यावर बंद करायचा असतो हे सांगायला आम्हाला दोन वर्षं लागली होती. त्याला हे तारे कोण समजावणार?

दुसरं पत्र लिफ्टचं. तिचं मशीन गच्चीवर असल्यामुळे हादरे बसतात, सबब वरच्या मजल्यांवरच्या सभासदांनी त्या वेळात पाचव्या मजल्यावर उतरून पुढे चालत जावं. तिसरं पत्र मी दोनदा वाचलं. पंपाच्या खोलीतली जळमटं काढू नयेत, असा त्यात अर्ज होता. दुर्बिणीच्या आत उभ्या रेषा लावायला कोळ्याच्या धाग्याइतका बारीक आणि सरळ धागा बाजारात मिळत नाही म्हणे. बाकीच्या सोसायट्या स्वच्छतेची बक्षिसं मिळवत होत्या आणि आमच्याकडे एक सभासद कोळी पाळत होता.

हे सगळं कशासाठी, तर तारे मोजण्यासाठी. किती आहेत ते नव्हे. कुठे आहेत ते.

तळगावकर विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. माप तपासण्याची जी मापं असतात ती तपासायची, असं काहीतरी त्यांचं काम. केसाच्या जाडीचे तुकडे करून त्यातल्या एका तुकड्यावरून माल नाकारायचा. हयात त्यात गेली. आता पंच्याहत्तरीला आलेत, अंगानं काटक, शर्टाच्या खिशात कायम एक पट्टी. मूळचे मालवणकडचे. एरवी स्वच्छ मुंबईचं मराठी बोलतात, पण तापले की गाव बाहेर येतं. त्यांच्यासमोर कुणी 'अंदाजे', 'साधारण', 'जवळजवळ' असं म्हणायची सोय नाही. लगेच म्हणतात, "अंदाजान मीठ घालतत. आकडो सांग."

मी एकदा पार्किंगचा फॉर्म द्यायला त्यांच्याकडे गेले आणि सवयीनं म्हणाले, "पाच मिनिटांत घेऊन जाते." त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. मी बाराव्या मिनिटाला निघाले तेव्हा त्यांनी मला घड्याळ दाखवलं. 

गच्चीच्या कोपऱ्यात त्यांची पत्र्याची खोली आहे. खोली कसली, कपाटच. मेहताभाई तिला 'अनधिकृत बांधकाम' म्हणतात. छपराला उत्तर-दक्षिण अशी एक लांब फट आहे. आत ग्रॅनाइटचे दोन ठोकळे, कारखान्याच्या भंगारातून आणलेले, आणि त्यांवर आडव्या कण्यावर बसवलेली हातभर लांबीची दुर्बीण. ती वरखाली होते, डावीउजवीकडे वळत नाही. वळायचंच नाही तिनं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं. जी दुर्बीण वळत नाही ती काय कामाची?

"तारा स्वतः येतो," तळगावकर म्हणाले. "आपण शोधायला जायचं नाही. आपण आपल्या जागी थांबायचं."

प्रकार असा. प्रत्येक तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना एकदा आकाशाची बरोबर मधली, उत्तर-दक्षिण रेघ ओलांडतो. दुर्बीण त्या रेघेवर रोखलेली. आत कोळ्याचे पाच धागे. तारा एकेका धाग्यामागे गेला की बटण दाबायचं, म्हणजे यंत्रात वेळ नोंदली जाते. त्या वेळेवरून तारा आकाशात कुठे आहे ते ठरतं. बटण दारावरच्या बेलचं होतं. पाच वेळा दाबायचं, सरासरी काढायची, वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तारा. असं वीसेक वर्षं, पावसाळा सोडून. मुलुंडच्या आकाशात धूळ, धूर आणि टॉवरचे दिवे सोडून जे काही दिसतं ते म्हणजे पन्नासएक तारे. तेवढेच. तेच ते.

"अहो, पण उपग्रह आहेत ना आता?" मी म्हणाले. "त्यांनी सगळं मोजून ठेवलंय. तुमच्यापेक्षा हजारो पटींनी बारीक."

"मगे?"

"मग तुम्ही कशाला?"

"शेजारीण जेवली म्हणून तुमी जेवणा सोडलास?"

मी शिक्का मारून फाइल वाढवली.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पश्चिमेच्या प्लॉटवर नव्या टॉवरसाठी खोदकाम सुरू झालं. दिवसभर दगड फोडायचं मशीन. तळगावकरांची रोज दोन पत्रं. ती अपेक्षितच होती. पण जानेवारीत आलं ते पत्र वेगळं होतं. त्यात तक्रार नव्हती, विनंती नव्हती. एकच वाक्य: 'आपली इमारत पश्चिमेकडे झुकत आहे.'

खाली हिशोब होता. दिवाळीपासून प्रत्येक तारा थोडा थोडा उशिरा येतो आहे. एकूण उशीर बत्तीस शतांश सेकंद. तारे उशिरा येत नसतात. सबब दुर्बीण कलली आहे. दुर्बीण दगडावर, दगड गच्चीवर, सबब इमारत कलली आहे. गच्चीच्या उंचीला किती, तर अर्धा मिलिमीटर.

कमिटीच्या बैठकीत मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्ध्या मिलिमीटरवर लोक इतके हसले की चहा सांडला. मेहताभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "आ तो भारी छे."

आता इथे आमच्या कमिटीबद्दल सांगायला हवं, आणि त्यात मीही आले. आमची इमारत पाडून नवीन बांधायची असं चार वर्षं चाललं होतं. बिल्डर तयार, कमिटी तयार, मला जास्तीची एक खोली मिळणार म्हणून मी सगळ्यात तयार. अडून बसली होती चार घरं. म्हातारी माणसं. त्यांना दोनतीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची नव्हती, आणि आपण परत यायला असू की नाही याची खात्री नव्हती. त्या चौघांना घाबरवायला आम्हाला काहीतरी हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पेढे घेऊन सातव्या मजल्यावर गेलो. ज्या माणसाला आम्ही लिफ्टमध्ये टाळायचो त्याला मेहताभाई वाकून नमस्कार करते झाले. "काका, तुमी तो सायंटिस्ट हाय! एक लेटर द्या फक्त. बिल्डिंग झुकली हाय, धोका हाय, नीचे सही. बस."

मी टाईप करून नेलंच होतं. तळगावकरांनी वाचलं. "ह्यात आकडा नाही."

"आकडा कशाला, काका?" मी म्हणाले. "लोकांना आकडे कळत नाहीत."

"अर्धा मिलिमीटर लिहिलंत तर लोक घाबरणार नाहीत, म्हणून आकडा नाही." माणूस विक्षिप्त होता, खुळा नव्हता. "आणि सही मी अशी करणार नाही. एका माणसानं मोजलेलं मोजलेलं नसतं. दुसऱ्या डोळ्यानं तपासायला हवं. दुसरा माणूस द्या, पंधरा दिवस मोजू दे त्याला. बरोबर निघालं तर आकड्यासकट सही करतो."

मेहताभाईंनी माझ्याकडे पाहिलं. जास्तीची खोली माझ्या डोळ्यांसमोर होती. तिला मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले होते. "मी येते," मी म्हणाले.

असे माझे फेब्रुवारीतले पंधरा दिवस गेले. साडेसातला ऑफिसातून यायचं, पर्स ठेवायची, गच्चीवर जायचं, त्या पत्र्याच्या कपाटात मान वाकडी करून बसायचं आणि रोहिणीची वाट बघायची. रोहिणी म्हणजे एक तांबूस ठिपका. तो दुर्बिणीत एका बाजूनं शिरतो, थरथरत धाग्याकडे सरकतो. मागे तळगावकर उभे, आणि त्यांची शिकवणी चालू.

"श्वास धर. अगो, धर म्हटलं तर गिळलास कशाक? दाब! हे दाबणं? लोकांच्या घरी जाऊन बेल वाजवतेस ना, तशी वाजवलीस. पेढे घेऊन गेल्यासारखी."

'तुम्ही'वरून 'तू'वर ते पहिल्याच संध्याकाळी आले होते. मी दात-ओठ खात होते. घरी नवरा हसत होता. "कुठपर्यंत झुकली गं?" रोज दारातच विचारायचा.

एक तारा मी मोजायची, पुढचा ते मोजायचे, मग पुढचा मी. पंधराव्या दिवशी त्यांनी बेरजा केल्या. माझे तारे उशिरा येत नव्हते. त्यांचे येत होते. एकाच दुर्बिणीतून, एकाच संध्याकाळी, त्यांच्या आणि माझ्या आकड्यांत तीस शतांशांचा फरक.

"तू घाई करतेस," ते म्हणाले. "तारा धाग्यावर यायच्या आधी दाबतेस."

"अजिबात नाही."

"करतेस. तुला खोली हवी आहे ना, तिची घाई आहे."

मला राग आला. खोली हवी असती तर मी उशिरा दाबलं असतं, एवढं साधं त्यांना कळू नये? मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी वहीतल्या बेरजा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, "कण्याची पातळी दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा आहे. तो दिवाळीपासून जागचा हललेला नाही. मला वाटलं, बुडबुडा बिघडला."

"म्हणजे दुर्बीण कललेलीच नाही?"

"बुडबुडा तसं म्हणतो. तूही तसंच म्हणतेस." बुडबुड्याच्या पंगतीला मला बसवून ते दुर्बिणीवर कापड घालू लागले. "उद्या रविवार. सकाळी घरी ये. कोण चुकतंय ते यंत्रच सांगेल."

हे यंत्र त्यांनी माळ्यावरून काढून ठेवलं होतं. शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारी एक पट्टी, तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा दिवा. हा नकली तारा. तो सरकत धाग्यामागे जातो आणि नेमका कधी गेला ते यंत्र स्वतः नोंदवतं. बघणाऱ्यानं बटण दाबायचं. खरी वेळ आणि दाबलेली वेळ यातलं अंतर म्हणजे त्या माणसाचा उशीर. प्रत्येकाचा असतोच, डोळ्यानं बघून बोटापर्यंत निरोप जायला वेळ लागतो. तो कायम तेवढाच राहिला की झालं, मग वजा करता येतो.

"हे आधीच का नाही काढलं?" मी विचारलं.

"दोघं लागतात. एकानं मोटर चालवायची, कधी ते दुसऱ्याला कळता कामा नये."

आधी मी बसले. वीस वेळा. माझा उशीर तेवीस शतांश. "ठीक आहे," ते म्हणाले, म्हणजे नाइलाज आहे. मग ते बसले, मी मोटर चालवली. वीस वेळा. आकडा आला त्रेपन्न.

"पुन्हा."

पुन्हा वीस. चोपन्न.

"मोटर नीट चालव."

मी नीटच चालवत होते. बावन्न. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. पुष्कळ वेळ. किती ते मी मोजलं नाही. अंगठा अगदी बारीक हलत होता, आपोआप.

कपाटातून त्यांनी एक जुनी वही काढली. तिच्यात एका पानावर दोन ओळी होत्या. 'वासुदेव, २१.' 'सुलभा, १४.'

वासुदेव म्हणजे ते स्वतः. तेव्हा एकवीस, आज त्रेपन्न, बत्तीसनं जास्त. "सुलभा कोण?"

"आमची मंडळी. तू राहायला यायच्या आधी गेली." त्यांनी वही मिटली. "चौदा," ते म्हणाले, "चौदा कोणाचा नसता."

मी घरी आले आणि सरळ मेहताभाईंना फोन केला. सगळं सांगितलं. ते एक क्षणही थांबले नाहीत. "पण पेडणेकरबेन, हे कोणाला बोलायचा काय गरज? काकांना बोला, सही करा. पुराना लेटर तर हाय ना आपल्याकडे, त्यांच्या हातचा?" आणि माझ्याबद्दल खरं सांगायचं तर मी लगेच नाही म्हटलं नाही. "बघते," म्हटलं. पडदे लावून झाले होते.

पुढच्या रविवारी विशेष सभा होती. ती चार घरं पुढच्या रांगेत बसली होती, जेवणानंतरच्या औषधाच्या पुड्या पर्समध्ये घेऊन. मेहताभाईंनी जानेवारीचं पत्र वाचून दाखवलं, फक्त वरचं वाक्य. खालचा हिशोब वाचला नाही. "आपली इमारत पश्चिमेकडे झुकत आहे." हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीचा हात धरला. मी मिनिट्स लिहीत होते, मान वर केली नाही.

तळगावकर मागून उठले.

"ते पत्र चुकलेलं आहे," ते म्हणाले. "मी परत घेतो."

"काका, बसा ना, नंतर बोलू..."

"इमारत जागच्या जागी आहे. बत्तीस शतांश सेकंदांची चूक आहे, ती माझ्या हाताची आहे. मीच मोजलं, मीच चुकलो. सेक्रेटरींनी तपासलंय. त्यांच्याकडे आकडे आहेत."

मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काकाच झुकले!" आणि हॉल हसला. मोठ्यानं, मनसोक्त. वीस वर्षं पंपाच्या आणि लिफ्टच्या पत्रांनी लोकांना छळलं होतं, त्याचं व्याज एका झटक्यात वसूल झालं. तळगावकर उभेच होते. हसणं संपेपर्यंत थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आकडे वाचा."

मी वाचले. त्यांचा त्रेपन्न, माझा तेवीस, बुडबुडा शून्य. ठराव बारगळला. मेहताभाई त्या दिवसापासून माझ्याशी शिक्क्यापुरतंच बोलतात. पुनर्विकास आज ना उद्या होईलच, पण त्या चार जणांना घाबरवून होणार नाही. माझी खोली लांबली. मी त्या रात्री नवऱ्याशी उगाच भांडले.

त्यानंतर तळगावकरांचं एकही पत्र आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. पंप आठला चालायचा, लिफ्ट सातव्यापर्यंत जायची, सफाईवाल्यानं पंपाची खोली झाडायला घेतली. मला मजा वाटायला हवी होती. मी सफाईवाल्याला हाकललं आणि वर गेले.

दार उघडंच होतं. ते खुर्चीत बसले होते, मांडीवर हात, हातावर हात.

"डॉक्टरकडे गेलात?"

"गेलो. नाव सांगितलं त्यानं, लांबलचक. म्हणाला, साधारण हळूहळू वाढेल. मी म्हटलं, साधारण म्हणजे किती? तर म्हणतो, आजोबा, ते सांगता येत नाही." त्यांनी मान हलवली. "माल तपासून शिकलेला नाही तो."

"मग मोजणं का थांबवलंत? उशीर त्रेपन्न तर त्रेपन्न. वजा करा."

"हात रोज वेगळा आहे. वॉचमनला मोटर चालवायला बसवलं. काल एकावन्न, आज अठ्ठावन्न. वजा काय करू?" मग उठून त्यांनी तारे लिहायची ती नेहमीची वही आणली आणि माझ्यापुढे उघडली. आजवर मी तिच्यातला वजाबाकीचा रकाना नीट पाहिला नव्हता. प्रत्येक तारखेला, प्रत्येक ताऱ्यापुढे, त्यांच्या वेळेतून सात शतांश वजा केलेले.

"हे सात कसले?"

"एकवीस वजा चौदा."

मला कळायला थोडा वेळ लागला. एकवीस त्यांचे, चौदा बायकोचे. सुरुवातीला दोघं मोजायची, एक तारा ते, एक ती, आणि तिचा डोळा जास्त चांगला म्हणून सगळे आकडे तिच्या मापानं लिहायचं ठरलं होतं. ती गेल्यावर त्यांनी वजाबाकी थांबवली नाही. इतकी वर्षं त्या वहीत एकही तारा तळगावकरांनी पाहिलेला लिहिलेला नव्हता. सुलभाबाईंनी पाहिला असता तर कुठल्या क्षणी पाहिला असता, ते लिहिलं होतं. रोज. प्रत्येक तारा.

"आता तां गावना नाय," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "माझा नक्की किती, तोच कळत नाय. मगे तिचा खयसून काढू?"

मी विमा कंपनीतली बाई. मला अशा वेळी आकडेच सुचतात. मी वहीवरची पेन्सिल उचलली.

"माझे तेवीस," मी म्हणाले. "तेवीस वजा चौदा, नऊ. माझे पक्के आहेत ना?"

"वीस वेळाच तपासलेत."

"मग शंभर वेळा तपासा."

दोनशे वेळा तपासले. दोन रविवार गेले त्यात. तेवीसचे तेवीसच राहिले. मार्चच्या मध्यावर, आठच्या सुमारास, व्याध मधल्या रेघेवर येतो. पंप बंद करायला मी स्वतः खाली जाऊन आले. दुर्बिणीला डोळा लावला. ते शेजारी स्टुलावर, वही मांडीवर, पेन्सिल डाव्या हातात. इतका झळझळीत तारा मी आधी पाहिला नव्हता. पाच धागे, पाच वेळा बटण.

"शेवटचं बरं होतं," ते म्हणाले. पहिल्या चारांबद्दल बोलले नाहीत.

त्यांनी सरासरी काढली, नऊ वजा केले. डाव्या हातानं, एकेक अक्षर कोरत, आकडा लिहिला. मग पुढच्या रकान्यात, जिथे निरीक्षकाचं नाव लिहितात तिथे, बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मी वाकून पाहिलं. 'सुलभा', आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'हस्ते सेक्रेटरी'.

"माझं नाव तरी लिहा," मी म्हणाले.

"टिकलंस तर लिवीन," तळगावकर म्हणाले, आणि पुढच्या ताऱ्यासाठी दुर्बीण वर उचलायला त्यांनी मला खूण केली.